‘चाललंय’ला कोड एक

पुढचं विचारायला लोक ज्योतिषाकडे जातात, सरकार आमच्याकडे यायचं. ज्योतिषाचं चुकलं तर शनी आडवा आलेला असतो. आमचं चुकलं तर आमच्याच टेबलावर ‘खुलासा करावा’ असा कागद येतो. मी तीस वर्षं या शहरातल्या एका सरकारी कचेरीत आकडे गोळा केले आणि त्यांवरून अंदाज बांधले. ही हकिकत घडली तेव्हा कागदावर औरंगाबाद होतं, मी निवृत्त झाल्यावर पाटी बदलली. माझ्या नवऱ्याला माझं काम कधीच धड सांगता आलं नाही. “ती मोजते,” एवढंच तो पाहुण्यांना सांगतो, आणि काय मोजते हे कुणी विचारायच्या आत चहा पुढं करतो.

तर काय मोजते ते मीच सांगते. दुसऱ्याच्या घरात न शिरता तिथं काय शिजतंय हे ओळखायचं, असं ते काम. थेट विचारलं तर माणूस खरं सांगत नाही, म्हणून आडून बघायचं. फुलंब्रीहून सकाळी शहराकडे येणाऱ्या जीपा माणसं लटकवून येतात की अर्ध्या रिकाम्या. शेंद्र्याला कारखान्यांच्या फाटकाबाहेरची वड्याची गाडी किती वाजता आवरते. गंगापूरच्या आठवडी बाजारात बाया साडी घेतात की नुसती चाळून परत ठेवतात. हे सगळं रकान्यांत बसवायचं, मागच्या वर्षाशी ताडून पाहायचं आणि साहेबांच्या सहीनं एक छातीठोक वाक्य लिहायचं. त्या वाक्याच्या खाली बारीक अक्षरांत एक टीप असते. वाक्य साहेबांचं, टीप माझी. टीप सहसा कुणी वाचत नाही.

‘थेट विचारू नये’ हा धडा मी नव्या लोकांना वर्षानुवर्षं दिला. नेमका तोच मी विसरले, आणि तेही भलत्याच वेळी.

पहिली टाळेबंदी सैल झाली तेव्हाची गोष्ट. वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न होता: जिल्हा पूर्वपदावर कधी येणार? ‘पूर्वपदावर’ हा शब्द तेव्हा इतका वापरला गेला की मला वाटायचं, कुठल्यातरी खुर्चीवरून आपण सगळे जरा उठलो होतो आणि आता परत बसायचंय, एवढंच. लोक कचेरीत फोन करायचे. एका मंगल कार्यालयाचे मालक तर रोज सकाळी साडेदहाला.

“मॅडम, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा धरू का?”

“मला काय माहीत?”

“तुम्हाला नाही तर कुणाला माहीत? टीव्हीवाले रोज बदलतात. तुम्ही सरकारी आहात, तुम्ही एकदा बोललात की बदलत नाही.”

हा विश्वास ऐकून मला घाम फुटायचा. एका सलूनवाल्यानं विचारलं होतं की लोक घरीच दाढी करायला शिकलेत, ते आता परत येतील का, हे तुमच्या कागदात कुठं बसतं? कुठंच बसत नव्हतं. त्याला मी ‘आम्ही बघतो’ म्हणाले. सरकारी माणसाला काही सुचलं नाही की तो स्वतःला अनेकवचनी करून घेतो.

साध्या माणसांचं ठीक होतं, पुढाऱ्यांचं अवघड होतं. जिल्ह्यात दोन वजनदार पुढारी होते, दोन पक्षांचे. सत्तेत कोण होतं ते लिहीत नाही, कारण मग वाचक पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचतो. आम्ही कचेरीत त्यांची नावं ठेवली होती: सहामहिनेवाले आणि दोनवर्षेवाले. एकाचं म्हणणं, सहा महिन्यांत सगळं रुळावर येतंय, लोकांना फुकट बसून खायची सवय लावू नका. दुसऱ्याचं म्हणणं, दोन वर्षं काही खरं नाही, मदत वाढवा. दोघांनाही आपापल्या वाक्याखाली आमचा आकडा हवा होता. आकडा आधी ठरलेला आणि मोजणी नंतर, असं मी आयुष्यात पुष्कळदा पाहिलंय. पण दोन उलटे आकडे आधीच ठरलेले आणि मोजणारी मी एकटी, असं पहिल्यांदाच झालं.

भांडण हवेतलं नव्हतं. टाळेबंदीत प्रशासनानं आणि गावातल्या दात्यांनी मिळून जेवणाची केंद्रं सुरू केली होती. शेंद्र्याला एक होतं, फुलंब्रीला एक, गंगापूरकडे एक. ज्या भागातले धंदे सुरू झालेत असं आमचा अहवाल म्हणेल, तिथलं केंद्र महिनाअखेर बंद होणार होतं. म्हणजे माझ्या रकान्यावर लोकांचं ताट होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

गावोगाव फिरायला बंदी, म्हणून पाहणी फोनवर करायची ठरली. मदतीला शाळेचे शिक्षक दिले. फॉर्मवर प्रश्न होता: ‘आपल्या व्यवसायाची सद्यस्थिती काय आहे?’ आणि उत्तराचे कोड: एक म्हणजे सुरू, दोन म्हणजे अंशतः सुरू, तीन म्हणजे बंद. पहिल्याच दिवशी शिक्षक वैतागले. ‘सद्यस्थिती’ म्हटलं की पलीकडचा माणूस फोन ठेवायचा, त्याला वाटायचं बँकेतून वसुलीचा आलाय. तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. सरकारी मराठीवर माझा पहिल्यापासून राग. मी म्हटलं, “एवढं अवघड कशाला? सरळ विचारा, कसं चाललंय?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. फोन भराभर होऊ लागले. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेनं विचारलं, “मॅडम, बरेच जण नुसतं ‘चाललंय’ म्हणतात. त्याला कुठला कोड?” माझ्या दुसऱ्या कानाला साहेबांचा फोन होता. मी म्हणाले, “चाललंय म्हणजे चालूच की. एक लिहा.”

बस, एवढंच. तीस वर्षांतली माझी सगळ्यात मोठी चूक पाच-सहा शब्दांची आहे.

अहवाल झकास झाला. आकडा इथं देत नाही, त्यानं मला पुरेसा ताप दिलाय. पण जिल्हा सहा महिन्यांच्याही आत पूर्वपदावर येईल असं तो सांगत होता. साहेब खूश. सहामहिनेवाल्यांच्या माणसानं पेढे आणले, तोंडाला मास्क असल्यामुळे ते कुणी खाल्ले नाहीत. दोनवर्षेवाल्यांनी पत्रक काढलं की ही कचेरी विकली गेली आहे. मी म्हटलं, ओरडू दे, आकडे बोलतात. माझा आकड्यांवर फार विश्वास होता. माणसांवर ठेवायचा तो सगळा मी तिथंच ठेवला होता.

केंद्रांच्या निर्णयाच्या अंतिम बैठकीला चार दिवस उरले असताना रफिकभाई माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. रफिकभाई आमचे जुने क्षेत्र-पाहणीवाले. मराठी, उर्दू, दखनी, कुठल्याही दारात त्या दाराची भाषा. त्या पाहणीत त्यांना फोनचं काम नव्हतं, शिक्षक होते ना.

“मॅडम, एक बात बोलूं? गुस्सा नक्को करो.”

“बोला.”

“कल मैं चौकात मामूंना भेटलो. बँडवाले मामू. एक वरात नाही, सारे बाजे खाटेखाली. मी इचारलं, मामू, कैसा चल रा? बोलले, चल रा मियाँ, अल्ला का करम. आता तुम्हीच सांगा, याला कोड कुठला?”

समोर फॉर्मांचे गठ्ठे होते आणि त्यांवर शिक्षकांच्या सुरेख अक्षरांत एक, एक, एक.

आपल्याकडे ‘कसं चाललंय’ हा प्रश्न नसतोच. तो रामराम असतो, आणि रामरामाला रामरामच करायचा असतो. सरणावर जाईपर्यंत मराठवाड्यातला माणूस ‘चाललंय’ असंच म्हणेल. मी याच मातीतली, मलाच कुणी विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. आणि मी त्याचा कोड केला होता.

मी वरचाच गठ्ठा ओढला, तो शेंद्र्याचा होता. पहिला फॉर्म: द्वारकाबाई, व्यवसाय खानावळ, कोड एक. फोन लावला. मुलीचा आवाज आला, मोकळा आणि चुणचुणीत.

“कोण बोलतंय? आजी भांडे घासायली. मी नात, सुवर्णा.”

मी कचेरीचं नाव सांगितलं. “आजीची खानावळ सुरू आहे ना?”

“नाय हो! लई महिने झाले. कंपनीतले पोरं गावाकडं गेले सगळे. आजीनं मोठे पातेले सुद्धा इकले.”

“पण आजी तर म्हणाल्या चाललंय.”

“मंग काय म्हणणार? सर फोनवर इचारायलेत कसं चाललंय, आजी म्हणली चाललंय.” ती हसली. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात द्वारकाबाईंनी फोन ओढून घेतला. आधी पोरीला दटावलं, मग माझ्याशी बोलल्या. मूळ मेंढरं राखणारं घर. कारखाने आले तसं मेंढरं विकून त्यांनी कामगारांची खानावळ टाकली होती. मुलगा-सून दोघं अपघातात गेलेले. घरात ही नात आणि त्या.

“बाई, कुणाला घरचं उघडं करून दाखवावं का? फोनवर रडायचं असतंय व्हय?”

“जेवता कुठं?”

“ते केंद्र हाय ना, तिथंच. दोघीचं भागतंय.” मग आवाज खाली आला. “म्हणून तर पोरगी घरात हाय अजून. लग्नाचं एक ठिकाण आलंय. मी म्हणलं, हे जेवण हाय तवर थांबते. बंद झालं की देऊन टाकते. एक तोंड तरी कमी.”

“कितवीत आहे ती?”

“बारावीत.”

“मग अठरा पूर्ण नाहीत. द्वारकाबाई, हा गुन्हा आहे. मला ग्रामसेवकाला कळवावं लागेल.”

“कळवा की. लगीन मोडून जाईल तो, त्याचं काय! पोरीला जेवायला घालंल का रोज?”

मी फोन ठेवला. ग्रामसेवकाला खरंच कळवलं. “लक्ष ठेवतो मॅडम,” म्हणाला. तो तेव्हा सात गावांत एकटा लक्ष ठेवत होता.

साहेबांकडे गेले आणि जे होतं ते सांगितलं. चूक माझी आहे, सगळे फोन परत करायला हवेत, शिक्षक परत द्या. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांची बदली तोंडावर होती. “अहो, अंदाज म्हणजे काय शपथपत्र आहे का? टीप टाका खाली.” माझं हत्यार त्यांनी माझ्यावरच चालवलं. मी हटले नाही तेव्हा म्हणाले, “शिक्षक गेले शाळेच्या कामाला. तुम्ही आणि रफिकभाई चार दिवसांत जेवढं तपासाल तेवढं बदला. न तपासलेलं बदलायचं नाही. नाहीतर दोनवर्षेवाल्यांनी खिशात घातलं म्हणतील.”

ते चार दिवस मी आजारी माणसासारखे काढले. दोन फोन, दोघं जण. ‘कसं चाललंय’ तोंडातून काढायचं नाही, असं ठरवलं. विचारायचं, काल किती गिऱ्हाईकं आली? शेवटचा माल कधी भरला? दुकानाचं शटर आज कुणी उघडलं? असं विचारलं की माणूस बोलायचा. कुणाला तरी बोलायचंच होतं, असं बोलायचा. एकेक फोन पंधरा-वीस मिनिटं. रफिकभाई तर एका म्हाताऱ्या शिंप्याशी पाऊण तास बोलले, मी घड्याळ दाखवलं तर फोनवर हात ठेवून म्हणाले, “रो रैं मॅडम. कैसे काटूं?” एकचे दोन होत होते, दोनचे तीन होत होते. कित्येक फोन लागतच नव्हते. शेंद्र्याचा गठ्ठा संपला. फुलंब्रीचा जेमतेम निम्म्यावर आला. गंगापूरच्या गठ्ठ्याची दोरीसुद्धा सुटली नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी नाश्ता बाजूला सारून मी आकडेच तपासत बसले. नवरा म्हणाला, “एवढं काय, आकडेच तर आहेत.” मी त्याच्यावर असा ओरडले की शेजारणीनं खिडकी उघडली.

बैठक लांबच लांब टेबलाची, एकेक खुर्ची सोडून माणसं. एका बाजूला सहामहिनेवाले, दुसऱ्या बाजूला दोनवर्षेवाले, मधे साहेब आणि मी. मी उभी राहून सांगितलं की शेंद्र्याचे आणि फुलंब्रीचे आकडे मी बदलले आहेत, आधीचे चुकले होते, चूक माझी होती. एकच गलका उठला.

“काल एक, आज दुसरं! कुणाच्या सांगण्यावरून?” सहामहिनेवाले.

“मी तर आधीच म्हणत होतो,” दोनवर्षेवाले, “यांना आत्ता उजाडलं!”

“बाईंचा पाव्हणा कोण आहे तुमच्या पक्षात ते सांगा!”

मी बदललेल्या आकड्यांचा कागद पुढं सरकवला. गलका जरा निवला तेव्हा सहामहिनेवाल्यांनी माझ्याकडे बोट केलं. अगदी शांतपणे विचारलं, “आणि गंगापूरचं काय? तिथलेही चुकलेत म्हणता का?”

चुकलेले असणारच होते. तेच शिक्षक, तोच प्रश्न, तीच माणसं. ‘तपासले नाहीत, पण त्यांवर विसंबता येणार नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळेच पाहत होते. माझ्या डोक्यात आलं, आता तेही चूक म्हटलं तर ही बाई आतून फितूर आहे असं ठरेल आणि शेंद्र्याचंही कुणी ऐकणार नाही. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला खाली बसायचं होतं.

“गंगापूरचे आकडे आहेत तसे आहेत,” मी म्हणाले, आणि बसले.

निर्णय असा झाला: गंगापूरचं केंद्र महिनाअखेर बंद. शेंद्रा आणि फुलंब्रीबाबत आकड्यांत मतभेद असल्यामुळे प्रकरण प्रलंबित. दोघा पुढाऱ्यांपैकी कुणालाच दुसऱ्याचा आकडा मान्य होईना, म्हणून फाइल या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. आणि फाइल फिरत होती तोवर शेंद्र्याला वाढप चालू राहिलं. आयुष्यभर मी प्रलंबित या शब्दाला शिव्या घातल्या, त्या वर्षी त्याला हात जोडले. दुसरी लाट आली आणि दोघांचेही अंदाज वाहून गेले, माझाही. तेव्हा फाइल कुठं होती ते कुणालाच आठवत नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा मी शेंद्र्याला गेले. काम काही नव्हतं. पाहुणीसारखी गेले, केळी घेऊन. द्वारकाबाईंनी खानावळ पुन्हा टाकली होती, लहान. नवी पातेली हप्त्यानं घेतलेली. मला बसायला चटई टाकली आणि जेवूनच जायचं म्हणून बजावलं. सुवर्णा संध्याकाळी पाळी सुटून आली, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. बारावी झाली होती. ठिकाण आलं होतं ते परत गेलं होतं. “हिच्या नशिबानं केंद्र चालू ऱ्हायलं,” द्वारकाबाई म्हणाल्या. मला सांगायचा मोह झाला, नशीब नव्हे, मी होते. चार दिवस फोन केले, सगळ्यांदेखत उभी राहिले. आणि खरंच, मोह आवरला नाही. मी सगळं सांगितलं. रफिकभाई, चार दिवस, बैठक, तिथला गलका. जरा रंगवूनच सांगितलं.

द्वारकाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सुवर्णा भाकरीचं टोपलं खाली ठेवून ऐकत होती.

“मॅडम, तुम्ही फक्त शेंद्र्याला फोन केले?”

“आणि निम्म्या फुलंब्रीला.”

“गंगापूरला?”

“वेळ नव्हता गं.”

“आमची मंगल हाय तिथं. माझी मावसबहीण. तवा आम्ही दोघी बी बारावीतच होतो, ती तिकडं, मी हिकडं.” ती माझ्याकडे नाही, आजीकडे बघत बोलत होती. “तिच्या घरी बी आलता फोन. तिच्या बापानं बी ‘चाललंय’च सांगितलं. मग केंद्र बंद झालं, अन् तिचं लगीन पंधरा दिवसांत लावून दिलं.”

“आता जुनं कशाला काढायली,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बाईला वाढ.”

तिनं मला वाढलं. रागानं नाही, नीट वाढलं, दोनदा आग्रह केला. मी जेवले, कारण ताट टाकून उठायची हिंमत नव्हती. मंगलला आता दोन मुलं आहेत, एवढं जाता जाता कळलं. तिच्या बापाचा फॉर्म त्या न सोडलेल्या गठ्ठ्यात असणार. त्याच्यावर एक लिहिलेला आहे, आणि तो मी सांगितला म्हणून लिहिलेला आहे.